माड फुलला, मंदे

॥ श्री ॥

सोलापूर, 9 मे

प्रिय मंदे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. मधे तुझे दोन फोन आले, तेही "मग करते" म्हणून ठेवून दिले. रागव हवं तर, पण आधी हे पत्र पुरतं वाच. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं मग?" म्हणतील. माझी शुगर ठीक, यांचा गुडघा आहे तसाच. झालं तब्येतीचं.

माड फुलला.

तू राजापूरहून दुधाच्या पिशवीत आणलेला, तोच. नारळाचा नव्हे, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपली त्या आठवड्यात शेंड्याजवळ एका झावळीच्या बेचक्यातून मनगटाएवढा हिरवा कोंब बाहेर आला. आधी वाटलं नवं पान. पण पान मधल्या पोग्यातून येतं आणि हा तर बगलेतून निघाला होता. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली उभी राहायची, मान दुखेपर्यंत बघायची. महिन्याभरात वरची आवरणं सुटली आणि आतून जटा खाली सुटल्या. आता सात-आठ फूट लोंबतायत, न विंचरलेल्या केसांसारख्या. यांना शिडीवर चढवून एक काडी तोडून घेतली. हरभऱ्याएवढ्या कळ्या, तीन-तीनच्या जुडग्यात. कडेला दोन नर, मधे एक मादी. नर आधी उमलतात आणि गळून जातात, मादी मागाहून. सध्या अंगणभर त्या नर फुलांचा सडा असतो. मी सकाळी झाडते, दुपारी पुन्हा पडलेला.

शेजारच्या वहिनींनी तर बुंध्याला हळदकुंकू वाहिलं. "अठरा वर्षांनी फूल आलं, पेढे वाटा की!" म्हणाल्या. मी हसले, आत आले आणि कणकेच्या परातीवर बसून रडले. हे दारात येऊन नुसते उभे राहिले. त्यांना काय सांगू? तुझ्या काकूंचं बोलणं ऐकायला ओटीवर आपण दोघीच तर होतो. आठवतंय ना, सुपारी कातरता कातरता काय म्हणाल्या होत्या त्या? "भेरली माड फुलला की समजायचं, उतरणीला लागला." नारळ दरवर्षी फुलतो, दरवर्षी धरतो. भेरली माड जन्मभर पोटात साठवत राहतो आणि एकदाच सगळं बाहेर काढतो. पहिला घोस शेंड्याला, मग त्याच्या खाली दुसरा, तिसरा, असं करत पाच-सात वर्षांत फुलोरा बुंध्याकडे उतरत येतो. शेवटच्या घोसाची फळं पिकली की माड संपतो. जटा कापून टाकल्या म्हणून वाचत नाही. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या एका मुलाला विचारून घेतलं, त्यानंही हेच सांगितलं.

तू म्हणशील, पाच-सात वर्षं आहेत की अजून, आतापासून काय रडतेस! अगं, पण तो काही एकटा उभा नाही. त्याच्या सावलीवर माझी सगळी बाग उभी आहे. आठवून बघ 2007 साली इथे काय होतं. जुळे सोलापुरातला उघडा प्लॉट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती. तुमच्या राजापुरात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे 550 च्या आसपास, तोही बेभरवशाचा. तीन फुटी खड्डा घेऊन मुरूम, वाळू, शेणखत भरलं, तरी पहिली तीन वर्षं पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवत बसले, तर मुळं गुदमरायला लागली. मग कळलं की या मातीत चुना फार, लोह असूनही झाडाला मिळत नाही. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मातीत घातला तर तोही चुन्यात अडकतो, पानांवर फवारला तेव्हा कुठे हिरवेपणा आला. आणि बोअरचं पाणी तर असलं खारट की अरेका पामच्या पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी. समोरच्या दवाखान्याच्या एसीचं पाणी दिवसाला दोन बादल्या मिळतं, त्यात क्षार नसतात. ते मी हेलिकोनियाला आणि नेच्यांना राखून ठेवलंय. बाकीच्यांना आळ्यात उसाचं पाचट आणि बुडाशी पुरलेली मडकी.

माड डोक्यावर आला तेव्हा खाली एकेक जमायला लागलं. आधी कर्दळ आणि सोनटक्का, मग हत्तीकान अळू, अँथुरियम, बॉटल पाम, आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून आलेल्या ट्रकमधला फॉक्सटेल पाम. आणि तो ट्रॅव्हलर्स पाम! पैज आठवतेय का गं? तो पाम नाहीच, केळीच्या गोतातला आहे, असं मी म्हणाले तर तू नर्सरीवाल्याला मधे घेऊन माझ्याशी भांडलीस. तू हरलीस, मंदे. एक प्लेट मिसळ अजून येणं आहे.

परवा पारा 43 च्या पुढे होता. फाटकातून आत आलं की घामावर गार झुळूक लागते, पोस्टमनसुद्धा दोन मिनिटं रेंगाळतो. दोन वर्षांपूर्वी वळवात माडाची एकच झावळी मोडली. तेवढ्या भोकातून ऊन आलं आणि चार दिवसांत खालचे नेचे कागदासारखे चुरले. एका झावळीनं ही गत, तर सगळा शेंडा गेल्यावर काय होईल? रात्री मला हेच दिसत राहतं.

अमेयचं म्हणणं आत्ताच उतरवून टाका. वाळल्यावर तीस फुटी खोड कुंपणाच्या भिंतीवर पडलं तर? त्याचं चुकत नाही. या खोडाची बाहेरची कड तेवढी टणक असते, आत नुसता भुसा, मेल्यावर लवकर कुजतं. पण त्यानं पुढे "तिथे गाडीला जागा होईल" असं म्हटलं आणि मी फोन ठेवला. हे म्हणतात, शेडनेट मारू. हिरव्या जाळीखाली बसायचं म्हणजे मला रोपवाटिकेत नोकरीला लागल्यासारखं वाटेल.

आणि मंदे, यात आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायलाच इतके महिने गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, इकडे उजनी धरण वजामध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "लोकांना प्यायला नाही आणि तू माडाला पाणी घालतेस?" मी फोन आपटला आणि आपण वर्षभर बोललो नाही. नंदूच्या लग्नातसुद्धा तू एका पंगतीत, मी दुसऱ्या. त्या उन्हाळ्यात मी नळाचा एक तांब्याही झाडांना घातला नव्हता. अंघोळीचं, तांदळाचं, धुण्याचं दुसऱ्या खेपेचं, एवढंच. अरेका गेले, जाऊ दिले. नारळाचा पोगा वाळला होता, ओढला तर अख्खा हातात आला. बुडाशी कुजून पिवळा लगदा, आंबूस वास, त्यात सोंड्या भुंग्याची अंगठ्याएवढी अळी. या झाडांना शेंडा एकच. तो गेला की दुसरीकडून फुटत नाही. त्या दिवशी मला तुला फोन करायचा होता. सगळं सांगायचं होतं, पण मानीपणा आडवा आला. तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आज सांगते. माड मात्र त्या वर्षीही तगला. तू आणलेला म्हणून मी त्याला अंघोळीची शेवटची बादली घालायचे, आणि तुझ्यावरचा राग त्याच्यासमोर उभी राहून काढायचे.

तर मी ठरवलंय असं. माड तोडायचा नाही. फुलोरा बुंध्यापर्यंत उतरू दे, शेवटचा घोस पिकला की त्याच वर्षी माणसं बोलावून उतरवून घेऊ. कळवलंय अमेयला. पश्चिमेच्या बाजूला केळीचे चार मुनवे या पावसात लावते, त्यांची सावली वर्षाच्या आत पडेल. फॉक्सटेल वाढतोच आहे. आणि या पहिल्या घोसाची फळं पिकायला वर्ष तरी जाईल, तेव्हा बिया धरायच्या. फळाच्या गराला हात लावला तर आग आग होते, काकूंनी दाखवलेले फोड आठवतात ना? हातमोजे आणून ठेवलेत, दोन जोड. एक तुझा. पुढच्या पावसाळ्यात तू आलीच पाहिजेस. भावोजींना सांग, यंदा सबब नको. त्या दोन रोपांपैकी एक तुझ्या ओसरीवर शेळीनं खाल्लं होतं, त्याची भरपाई म्हणून निदान दहा बिया तरी तुझ्या हातानं लागल्या पाहिजेत.

बाकी चिन्मयीच्या नोकरीचे पेढे पोचले, तिला आशीर्वाद. तुमच्या नव्या घराला पूर्वेची बाल्कनी आहे म्हणालीस, तिथे माड नको, सोनटक्का लाव. शकूचं काही कळलं का?

आज संध्याकाळी पाण्याची पाळी आहे, पाच दिवसांनी आलंय. टाकी भरायला घेते.

तुझीच,
सुलू

ता. क. शेंगाचटणीचं पुडकं वेगळं पाठवलंय. यंदा तिखट जास्त झालीय, भावोजींना जपून वाढ.