खांबातली छिद्रे बुजवू नका

महोदय,

काँक्रीट भरलेल्या पोलादी नळीच्या खांबांना आगीपासून वेगळ्या संरक्षणाची गरज नसते, हे आपल्या अंकातील उंच इमारतींवरील लेखात वाचले. हे अर्धेच खरे आहे. प्रमाणित अग्निचाचणीत भट्टीचे तापमान तासाभरात सुमारे ९४५ अंश सेल्सिअसवर जाते. पोलादाची ताकद मात्र ६०० अंशांच्या आसपासच निम्म्यावर येते. नळी आधी तापते, तिला फुगवटे येतात आणि भार आतल्या काँक्रीटवर सरकतो. काँक्रीट सावकाश तापते, म्हणून खांब तग धरतो. इथवर लेखकाशी मी सहमत आहे.

पण काँक्रीटमध्ये पाणी असते. त्याची वाफ बंद नळीत कोंडली तर नळी फाटू शकते. म्हणूनच युरोपीय संहितेने प्रत्येक मजल्यावर खांबाच्या वरच्या व खालच्या टोकाला किमान २० मिलिमीटर व्यासाचे छिद्र बंधनकारक केले आहे. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. एका इमारतीत ही छिद्रे पुट्टीने बुजवून वर रंगाचे दोन हात दिलेले मी स्वतः पाहिले आहेत. बोट फिरवले तेव्हा कुठे खड्डा जाणवला. रंगाऱ्याला दोष कसा देणार? ती कशासाठी आहेत, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

छिद्रांचे प्रयोजन नकाशावर ठळक लिहावे आणि ती मोकळी असल्याची खात्री झाल्याखेरीज इमारतीला वापर परवाना देऊ नये.

– एक स्थापत्य अभियंता