काका, तुम्ही माझे बूट उलटे करून बघितलेत

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र नुसतं तुम्हाला पाठवूनही भागलं असतं. पण टेनिस कोर्टाच्या कडेला कुणी बूट काढून टाच चोळताना दिसलं की मला तुमची आठवण येते, आणि तुम्ही मला सांगितलेलं त्या माणसाच्याही कानावर जावं असं वाटतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

त्या संध्याकाळी मी बाकावर बसून डावी टाच चोळत होते. तीन महिने हेच चाललं होतं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं अशी टोचायची की भिंतीचा आधार घ्यावा लागे. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जो पट्टा जातो तो दुखावलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि पोटरी ताणायचे व्यायाम दिले होते. ते मी नेमाने करत होते, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच बुटांत खेळायला उतरत होते. तुम्ही शेजारच्या कोर्टावरून आलात. आपली ओळख तोवर मान हलवण्यापुरतीच. ‘बघू का जरा?’ म्हणालात, आणि माझ्या टाचेकडे न बघता बूट उचललेत.

दोन्ही बूट उलटे करून तुम्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवलेत. उजव्या बुटाचं नाक झिजून आतलं कापड दिसायला लागलं होतं. डाव्याचा तळ मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. ‘उजव्या हाताने खेळता. सर्व्हिस करताना मागचा पाय ओढत आणता, आणि सगळा भार घेऊन डाव्यावर उतरता,’ तुम्ही म्हणालात. माझी सर्व्हिस तुम्ही तोवर पाहिलीही नव्हती. मग डाव्या बुटाच्या कडेवरून नख फिरवून आडव्या सुरकुत्या दाखवल्यात. रबरी तळ आणि वरचं कापड यांच्यामध्ये फोमचा जो जाड थर असतो, मिडसोल, तो टाचेपाशी चेपून बसला होता. तुम्ही मला अंगठ्याने दाबायला लावलंत. उजव्याचा थर दबला आणि परत वर आला. डाव्याचा दबलाच नाही. ‘तळ चांगला दिसतो म्हणून माणूस बूट घालत राहतो. आधी उशी मरते ग, तळ मागाहून झिजतो.’ ‘तुम्ही’वरून सुरुवात करून तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तुम्ही ‘तू’वर आलात, तेही फार बरं वाटलं.

त्या फोममध्ये हवेचे अगदी बारीक कप्पे असतात, दर उडीला ते दबतात आणि पुन्हा फुगतात, आणि हजारो उड्यांनंतर त्यांतले बरेचसे फुगायचं सोडून देतात, हे तुम्ही ज्या शांतपणे समजावलंत तसं मला कुणी कधी समजावलं नव्हतं. बूट म्हणजे माप आणि रंग, एवढीच माझी समज होती. घेतानाही मी दुकानातला सगळ्यात मऊ जोड शोधून घेतला होता. टाच दुखते, मग मऊ हवं, असा सरळ हिशेब. ते पळायचे बूट होते.

तुम्ही मला उठवून मधल्या खुणेपाशी उभं केलंत. ‘एकेरीचं कोर्ट 8.23 मीटर रुंद. म्हणजे इथून बाजूच्या रेषेपर्यंत किती? सव्वाचार मीटरसुद्धा नाही. यात पळणं कुठे आलं? यात असतं ते थांबणं आणि वळणं.’ पळणाऱ्याचं पाऊल पुढे पुढेच जातं, म्हणून त्याच्या बुटाला टाचेखाली उंच, मऊ फोम चालतो. टेनिसमध्ये आपण आडवं धावतो आणि बाहेरच्या कडेवर भार टाकून करकचून थांबतो. त्या क्षणी मऊ फोम एकाच बाजूने दबतो, वरचं पाऊल कडेबाहेर झुकतं, आणि बूट जितका उंच तितका घोटा वळायला सोपा. महिन्यापूर्वी माझा उजवा घोटा मुरगळला होता तो असाच, लांबच्या फोरहँडला, म्हणजे उजवीकडच्या फटक्याला, थांबताना. तो मी माझ्या वयावर ढकलून मोकळी झाले होते. तुम्ही तो बुटाच्या कडेवर बोट ठेवून दाखवलात.

आराम म्हणजे मऊपणा, ही माझी समजूत तिथे सुटली. उशी हवीच, पण दबून परत येणारी, आणि पाऊल जमिनीपासून फार उचलून न धरणारी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद आणि पेन्सिल घेऊन आलात. खेळून झाल्यावर, घामेजलेल्या मोज्यांनिशी मला कागदावर उभं केलंत. पाऊल दिवसभरात आणि खेळताना फुगतं, म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं. बसून घ्यायचं नाही, कारण भार पडला की पाऊल पसरतं. सत्तरी ओलांडलेले तुम्ही गुडघे टेकून पेन्सिल फिरवत होतात आणि मला संकोचाने उभं राहवेना. डावं पाऊल 24.6 सेंटिमीटर भरलं, उजवं 24.2. इतकी वर्षं मी उजव्या पायात बूट घालून बघून जोड घेत आले होते. चवडा रुंद, टाच निमुळती, हेही त्या रेषेतच पहिल्यांदा दिसलं. करंगळीच्या बाजूला बूट का काचतो आणि टाच का उचलली जाते, या दोन तक्रारींचं मूळ एकच होतं. अंगठ्याच्या काळ्या नखाचंही कोडं सुटलं. मी त्यावर मोठं माप हे औषध समजत होते; पण सैल बुटात पाऊल पुढे घसरतं आणि थांबताना नख नाकावर आदळतं, तेव्हा मोठ्या मापाने ते दुखणं वाढतही असतं.

तो कागद घडी घालून मी दुकानात गेले. तुम्ही बरोबर यायला तयार होतात, पण मला एकटीने करून बघायचं होतं. खेळायचे मोजे घालूनच गेले. प्रत्येक बुटाच्या आतली सुटी गादी बाहेर काढून तिच्यावर उभी राहिले. पहिल्या दोन जोडांत करंगळीची बाजू गादीच्या बाहेर लोंबत होती, ते जोड पायात घालायचे कष्टच वाचले. तिसरा बूट टाच आणि नाक धरून पिळला, तर ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. चौथा मधूनच वाकला. तुम्ही सांगितलं होतंत की बूट वाकायला हवा तो बोटं जिथून वाकतात तिथेच, कमरेत नाही. दुकानदार सौम्य माणूस होता, ‘मॅडम, हा बघा, ढगासारखा आहे’ म्हणत एक जोड पुढे करत होता. तो खरंच ढगासारखा होता. मी त्यात उभी राहून बाजूला दोन पावलं टाकली, थांबले, आणि पाऊल कडेवरून घरंगळल्यासारखं झालं. नमस्कार करून काढून ठेवला.

सहावा जोड हाताला कडक लागला. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबला तर जेमतेम हलला. मध्ये पिळत नव्हता, चवड्यापाशी छान वाकत होता. फोम बाहेरच्या बाजूने थोडा वर चढून पावलाला कडेने धरत होता. डाव्या पायाच्या सगळ्यात लांब बोटापुढे (माझं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे, हेही कागदावरच कळलं) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहत होती. दुकानातल्या आरशासमोर मी उडी मारून दोन्ही पायांवर उतरले, उजवीकडे गेले, थांबले, डावीकडे गेले, थांबले. बोटं पुढे आदळली नाहीत. टाच किंचित उचलली जात होती, त्यावरही तुमचा उपाय होताच: सगळ्यात वरचं जादा भोक, ज्यात मी जन्मात कधी नाडी ओवली नव्हती. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास करायचा, समोरचं टोक त्या फासातून ओढायचं आणि मग गाठ मारायची. टाच मागे जाऊन बसते ती सामना संपेपर्यंत हलत नाही. काका, त्या एका फासासाठीसुद्धा मी हे पत्र लिहिलं असतं.

रंगाचं मात्र तुमचं-माझं जमलं नाही. मला गडद निळे हवे होते, मिळाले ते पांढरे. ‘रंग शेवटी बघायचा,’ म्हणून तुम्ही 2013च्या विम्बल्डनची गोष्ट सांगितलीत. फेडररच्या बुटांचे तळ नारिंगी निघाले आणि पुढच्या फेरीला त्याला ते बदलावे लागले, कारण तिथे तळही पांढरे लागतात. ती सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता! आणि तुमच्या लहानपणीचे बूट: वर कॅनव्हास, खाली रबराचा सपाट तळ, उशी अशी नाहीच. त्यात तुम्ही खेळलात आणि गुडघ्यांनी त्याची किंमत मोजली, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मला वाटतं, म्हणूनच तुम्ही दुसऱ्यांचे बूट बघता.

आपलं कोर्ट सिमेंटचं, म्हणून तळाला जाड, चिवट रबर आणि नाकावर जादा थर असलेलेच घे, हाही तुमचाच आग्रह. मातीच्या कोर्टाचे बूट, माशाच्या काट्यासारख्या सलग नक्षीचे, तिथे माती झटकतात आणि बेताने घसरू देतात. ते सिमेंटवर वापरले तर नक्षी बघता बघता झिजून जाते. माझी मैत्रीण मातीवर खेळते, तिला मी हे तिच्या जोडावर बोट ठेवून सांगितलं. तुमचीच सवय मला लागली आहे.

टाच बुटाने बरी केली असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही. व्यायामांनी केली, दोन आठवड्यांच्या विश्रांतीने केली, जी घ्यायला तुम्ही मला भाग पाडलंत. पण मी बरी होऊन परत आले आणि बरी राहिले, ते बुटांमुळे. पहिल्या दिवशी अर्धाच तास खेळले, तुम्ही बजावल्याप्रमाणे. सर्व्हिस मारून डाव्या पायावर उतरले आणि टाचेखाली काहीतरी दबून परत वर आलं. तेवढा तो छोटासा धक्का परत मिळाला आणि डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने प्रत्येक सर्व्हिसला मी दात आवळून उतरत होते हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

तुमची एक गोष्ट कधी विसरणार नाही. ‘बूट बदला’ असं मला दोघा-तिघांनी आधीच सांगितलं होतं. माझे बूट हातात घेतलेत ते तुम्ही एकट्याने. घामाचे, धुळीचे, परक्या बाईचे बूट मांडीवर घेऊन तुम्ही ते वाचलेत, आणि पुढे दोन संध्याकाळी तुमचा स्वतःचा खेळ सोडून माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवलीत. हे ऋण कसं मानायचं ते मला कळत नाही, म्हणून धन्यवाद म्हणते. मनापासून.

आता दोन जोड आलटून पालटून वापरते, म्हणजे फोमला सुकायला आणि सावरायला एक दिवस मिळतो. उन्हात तापलेल्या गाडीत बूट ठेवत नाही. फोम आणि गोंद दोन्ही त्या उष्णतेने लवकर जातात. ते घालून बाजारात जात नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पहिल्यांदा घातल्याची तारीख पेनाने लिहिली आहे, आणि दर महिन्याला डाव्या बुटाच्या कडेवर नख फिरवून सुरकुत्या बघते. पावलाचा तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. वयाबरोबर पाऊल थोडं पसरतं असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा पुढच्या जोडाच्या वेळी नवा कागद लागेल. तुमचा गुडघा बरा होऊन तुम्ही कोर्टावर परत आलात की तो काढू. या वेळी पेन्सिल मी फिरवेन, आणि आधी तुमच्या पावलाभोवती. तुमच्या डाव्या बुटाची कड मी बघितली आहे काका, सुरकुत्या दिसायला लागल्यात.

तुमची,
शेजारच्या कोर्टावरची