मी सही केलीय

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा लगेच "बरं, जेवलीस का" विचारतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही डोळे ताणून वाचत बसू नका, आईला मोठ्याने वाचायला सांगा. डोळ्याचं खाली बोलणारच आहे.

मंगळवारी मी इथे इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या नोकरीवर सही केली. लेक्चररची आहे, कायमची. दिवाळीपर्यंत परत येते म्हणाले होते ते विसरले नाहीये, आणि आई, तू माझ्या खोलीला रंग लावून घेतलास हेही दादाने सांगितलं, ते ऐकल्यापासून दोन रात्री नीट झोप नाही. रंग वाया जाणार नाही गं, जानेवारीत सहा आठवडे त्याच खोलीत राहायला येतेय, तिकीट काढलंय.

तिकडे भारतात प्रयत्नच केला नाही असं समजू नका. बाबांनी कात्रण पाठवलं होतं ते बरोबरच आहे, 2017 पासून दिल्लीत आरोग्य संशोधन विभागात हेच काम सुरू झालंय, नवीन औषध किंवा मशीन आलं की त्याचा फायदा खर्चाच्या तोडीचा आहे का ते तपासायचं. चांगली माणसं आहेत त्यात. पण मी जिथे जिथे विचारलं तिथे अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पुढचं पुढे बघू. इथे आमचं हेल्थ इकॉनॉमिक्सचं सेंटर 1983 पासून आहे, शिकवता शिकवता शिकायला मिळतं, आणि माझं निम्मं काम भारतावरच असणार आहे. मी किती कारणं देतेय ते मलाही कळतंय. पण सगळी खरी आहेत.

आई, तू मागच्या वेळी पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "माणसाच्या जिवाची किंमत लावायचं कसलं गं शिक्षण?" तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते मनात राहिलंय.

डिसेंबर 2016 आठवतो ना? नोटाबंदी, मामाची ती पिशवी, आणि कॅथलॅबच्या बाहेर त्या माणसाने बाबांच्या स्टेंटबद्दल, हृदयाची नळी उघडी ठेवणाऱ्या त्या जाळीबद्दल, विचारलेलं, "इंडियन टाकू, इम्पोर्टेड टाकू, का त्याच्याही वरचा? दहा मिनिटांत सांगा." तू माझ्याकडे बघितलंस. बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होते मी, आणि महागातला घेतला तर बाबांना नक्की काय जास्त मिळणार ते मला सांगता आलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आपण घाबरून महागातला घेतला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2017 मध्ये, सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. मी कपाटातलं बिल काढून बघत बसले होते तर बाबांनी ते माझ्या हातून घेतलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाले जीव वाचला ना, सोड. बाबा, मी नाही सोडलं. माझं सगळं शिक्षण त्या दहा मिनिटांमुळे आहे.

आई, जिवाची किंमत त्या दिवशी लागलीच होती गं, फक्त आपल्याला न विचारता लागली होती. आम्ही तो हिशोब उघड्यावर मांडतो. पूर्ण तब्येतीत जगलेलं एक वर्ष म्हणजे एक, अर्ध्या तब्येतीत काढलेली दोन वर्षं म्हणजेही एकच, त्याला आमच्यात क्वाली म्हणतात. याच यॉर्कच्या ॲलन विल्यम्स नावाच्या प्राध्यापकांनी 1985 मध्ये बायपासचा असा हिशोब केला होता, ज्यांचा आजार गंभीर त्यांना पैशाच्या मानाने फायदा भरपूर, सौम्यवाल्यांना बराच कमी. म्हणजे कोणाला नाही म्हणायचं हा मुद्दाच नाही, कोणाला आधी द्यायचं हा आहे.

बाबांनी विचारलं होतं, मग किती खर्चापर्यंत परवडलं म्हणायचं ती रेषा कुठे ओढायची आणि कोण ओढणार. कुठले उपचार सरकारी खर्चाने द्यायचे ते सांगणाऱ्या इथल्या नाइस नावाच्या सरकारी संस्थेने अनेक वर्षं एका क्वालीला 20 ते 30 हजार पौंड ही रेषा धरली. त्यावर इथेही खूप भांडणं होतात. पण बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी दाखवायला न्यायचात, 45 फूट धोक्याची पातळी. 44 ला कोणी निवांत झोपत नाही आणि 46 ला लगेच जग बुडत नाही, तरी आकडा लिहिलेला असतो म्हणून सगळ्यांना वेळेत कळतं. मला ती रेषा तशीच वाटते. इथेही ऊझ नदी आहे, तिलाही पूर येतो, पाणी चढलं की मी पुलावर जाऊन उभी राहते आणि मला तुमच्या शर्टाचा वास आठवतो.

आणि ते पाच प्रश्न मी फोनवर विचारते ना, चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, काळजी? ते जगभर विचारतात. आपल्याकडे पाच राज्यांतल्या साडेतीन हजार माणसांशी बोलून, त्या उत्तरांवरून तब्येतीला किती गुण द्यायचे त्याचे भारतातले आकडे बसवलेत, 2022 मध्ये छापून आले. त्यामुळे बाबा, "बरंय" हे उत्तर चालत नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणा.

आता ऐका. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, ते जुनं झालं. गणपतीच्या आधी ऑपरेशन करून घ्या. साधी मोनोफोकल लेन्स घ्या, लांबचं छान दिसेल, पेपर वाचायला चष्मा लागेल एवढंच. महागातली दाखवली तर तिथूनच मला फोन लावा, कितीही वाजलेले असू देत. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत, उत्पन्न विचारत नाहीत, आधार घेऊन दादाबरोबर जा आणि काढून टाका. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, ऑपरेशनआधी डॉक्टरांना ती दाखवायची. आई, तू बीपीची गोळी उपासाला सोडतेस ते मला माहितीय. रागवत नाहीये, पण सोडू नकोस ना.

माझी काळजी करू नका. खोली गरम असते, कुकर चालतो, तू दिलेला गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे, रविवारी आमटी-भात करते. आजारी पडले की मात्र तुझ्या हातची पेज हवी होते, त्याला अजून इलाज सापडला नाहीये.

रविवारी तुमच्या संध्याकाळी 6 ला फोन करते. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. आणि पाणी 35 फुटाच्या वर गेलं तर सामान नंतर, आधी तुम्ही दोघं दादाकडे जायचं.

तुमची,
चिऊ