होरा तुझा, घड्याळ ग्रीकांचं

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "यंदा पाऊस उशिराच येणार, माझा होरा चुकत नाही", तेव्हा मी नुसतं हो हो केलं, पण फोन ठेवल्यावर तो होराच डोक्यात घुसून बसला. मला आपलं वाटायचं हेरणे वगैरेशी काहीतरी नातं असेल. कसलं काय! शब्द चक्क ग्रीक निघाला. तिकडे होरा म्हणजे ऋतू, वेळ आणि मग तास. इंग्रजीतला अवर त्याच्याच घरातला आणि हॉरोस्कोप पण, कारण जन्माची वेळ बघायची ना. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांचं ज्योतिष इकडे आलं, सोबत हा पण आला. पत्रिकेतलं केंद्रसुद्धा त्यांचंच बरं का.

पण आपल्याकडे सांगतात की अहोरात्र मधला पुढचा अ नि मागचा त्र काढला की होरा उरतो. मी हसलो, म्हटलं ही व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी. तर अरे हे ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ग्रंथात आहे, सहाव्या शतकातलं! फक्त तो "एके" असं म्हणतो, म्हणजे काही जणांचं असं म्हणणं आहे बुवा, स्वतःवर घेत नाही. हुशार माणूस. आणि तोच दुसरीकडे लिहितो की यवन, म्हणजे हे ग्रीकच, म्लेच्छ असले तरी हे ज्योतिषशास्त्र त्यांच्यात नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान. इतका मोकळेपणा आज आपल्या ग्रुपवर दाखव बघू.

खरी गंमत पुढे आहे. आपले वार या होऱ्यातूनच निघालेत. दिवसाचे 24 तास, सूर्योदयापासून मोजायचे, प्रत्येक तास एका ग्रहाचा, क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि परत शनी. पहिला तास ज्याचा, त्याचं नाव वाराला. रवीपासून बोटांवर मोज, पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला, चंद्राचा येतो, म्हणून सोमवार. मी कॅलेंडरच्या मागे पेनाने सातही वार काढून बघितले, बरोब्बर येतात! बायको म्हणाली दूध उतू गेलं.

तर तासाचा शब्द मराठीत येऊन अंदाज झाला, आणि तो तुझ्या तोंडी, ज्याचं नि घड्याळाचं कधी जमलं नाही. शनिवारी साडेसातला येतो म्हणालायस, म्हणजे नऊ. हा माझा होरा.

तुझाच,
बंड्या