व्हेलबद्दल, सविस्तर

प्रिय मंग्या,

परवा फोनवर तू बोलून गेलास की कॅरियरवर, म्हणजे विमानवाहू जहाजावर, खरं काम फायटरचंच, बाकीची विमानं नुसती भरती. ते डोक्यातून जाईना, आणि फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय.

अमेरिकन नेव्हीचं ईए-३बी स्कायवॉरियर घे. मूळ विमान अणुबॉम्ब टाकायला बनवलेलं, एड हाइनमनचं डिझाइन, १९५२ ला पहिल्यांदा उडालं. अवाढव्य, पूर्ण भरलं की ३५ टनांच्या वर, म्हणून नेव्हीवाले त्याला व्हेलच म्हणायचे. ईए-३बी करताना बॉम्बच्या जागी प्रेशराइज्ड केबिन केली, त्यात चार जण रिसीव्हर लावून बसायचे, कॉकपिटमध्ये तीन. सात माणसं आणि काम एकच, शत्रूचे रडार ऐकायचे. प्रत्येक रडारची फ्रिक्वेन्सी वेगळी, सेकंदाला किती पल्स सोडतं तेही वेगळं, त्यावरून कुठलं रडार ते कळतं, आणि दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतली की ते कुठे बसलंय तेही कळतं. जहाजाला क्षितिजापलीकडचं ऐकू येत नाही, उंचावरच्या विमानाला येतं, म्हणून हे विमान कॅरियरवरच हवं. व्हिएतनामच्या वेळी टोंकिनच्या आखातात हेच चाललेलं, जमिनीवरून विमानं पाडणाऱ्या एसए-२ मिसाइलची रडार पकडायची आणि बॉम्ब टाकायला निघालेल्या पोरांना सावध करायचं. आता सांग, फायटर परत आला त्याचं श्रेय कोणाकोणाला द्यायचं?

आणि यात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, नव्हती रे. एकालाही नाही. २५ जानेवारी १९८७, भूमध्य समुद्र, रात्र, व्हीक्यू-२ स्क्वॉड्रनचं ईए-३बी निमित्झ या कॅरियरवर उतरायला बघतंय, शेपटीचा हुक काही केल्या डेकवरच्या थांबवणाऱ्या वायरला लागत नाहीये, इंधन संपत आलं, शेवटी डेकवर बॅरिकेडचं जाळं उभं केलं पण त्यानेही विमान थांबलं नाही, सरळ समुद्रात गेलं. सातही जण गेले. हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानंतर व्हेलला कॅरियरवरून उतरवलं, जमिनीवरून मात्र १९९१ पर्यंत उडत होतं, आखाती युद्धातसुद्धा. मग जागा घेतली ईएस-३ए शॅडोने. पाणबुड्या शोधणाऱ्या वायकिंगला बदलून १६ विमानं केली, अंगभर अँटेना आणि चौघांनाही इजेक्शन सीट. दोन स्क्वॉड्रन, व्हीक्यू-५ आणि व्हीक्यू-६. आणि १९९९ ला सगळी बंद, कारण काय तर आतली इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेड करायचा खर्च नको. काम जमिनीवरून उडणाऱ्या ईपी-३ई वर ढकललं. मला हा निर्णय तेव्हाही पटला नसता आणि आजही पटत नाही, कारण ईपी-३ई ला जवळपास धावपट्टी देणारा देश लागायचा आणि कॅरियर पाठवायचं कारणच मुळी हे असतं की तिथे कोणी धावपट्टी देत नाही.

एवढं वाचून तुझं मत तेच राहिलं तर दिवाळीला येशील तेव्हा समोर बसून भांडू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सुध्या