हवापालटासाठी येणाऱ्या मुलांचे व्हिसाशुल्क माफ करा : ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
युनायटेड किंग्डम

विषय : धर्मादाय संस्थांमार्फत हवापालटासाठी येणाऱ्या मुलांना व्हिसाशुल्कात माफी आणि गटाने अर्ज करण्याची सोय मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी मूळची कोल्हापूरची असून बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि चेर्नोबिलच्या किरणोत्साराची झळ लागलेल्या प्रदेशातील मुलांना उन्हाळ्यात काही आठवड्यांसाठी येथे आणण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून भाग घेते. या विषयावरील इंग्रजी निवेदन आपल्याकडे रीतसर पाठवले आहे. हे पत्र मराठीत आणि जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, ब्रिटनमध्ये मराठी कुटुंबांची संख्या आता लहान राहिलेली नाही, त्यांपैकी अनेकांच्या घरी एखादी खोली रिकामी असते, आणि व्हिसाच्या कागदपत्रांचा जो अनुभव आमच्या लोकांच्या गाठीशी आहे तो इतर फार थोड्यांकडे असेल. तेव्हा आपल्याकडे काय मागितले जात आहे हे त्यांनाही नीट कळावे.

मागणी मर्यादित आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या जबाबदारीवर, अठ्ठावीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी येणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांचे आणि त्यांच्यासोबतच्या दुभाष्यांचे व्हिसाशुल्क माफ व्हावे. त्यांचे अर्ज एका गटाचे म्हणून एकत्र तपासले जावेत. आणि निर्णय विमानाची तिकिटे काढण्याची वेळ येण्यापूर्वी कळावा. शुल्कमाफी ही काही नवी कल्पना नाही. या मुलांना पूर्वी ब्रिटनचा व्हिसा विनामूल्य मिळत असे आणि ती सवलत मागील दशकाच्या आरंभी काढून घेण्यात आली.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. प्रकल्प युक्रेनमध्ये असला तरी वाऱ्याची दिशा आणि त्यानंतरचा पाऊस यांमुळे किरणोत्सारी धुळीचा सर्वांत मोठा वाटा शेजारच्या बेलारूसच्या पदरी पडला आणि त्या देशाचा जवळजवळ २३ टक्के भूभाग सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याने दूषित झाला. गोमेल आणि मोगिल्योव्ह हे प्रांत त्यात सर्वाधिक होरपळले. आयोडीन-१३१ हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य आठ दिवसांत निम्मे होते, पण तेवढ्या अवधीत ते दुधावाटे मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीपर्यंत पोहोचले होते. त्यावेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाचा बाधित भाग मिळून थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. सीझियमचे तसे नाही. ते निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, म्हणजे आज त्या मातीत मूळच्या निम्म्याहून थोडेच कमी शिल्लक आहे आणि ते रानातल्या अळंब्यांतून, बेरींतून, जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गाईच्या दुधातून अजूनही ताटात येते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दुकानातून तपासलेले दूध आणतो. ज्याच्याकडे नाहीत तो घरच्या गाईचे पितो आणि हिवाळ्यासाठी अळंब्या वाळवून ठेवतो.

आपल्या कार्यालयातील एखादा अधिकारी म्हणेल की, ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता येणारी मुले तर त्यावेळच्या मुलांचीही मुले आहेत. त्याला ब्रिटनमधल्याच मेंढ्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८६ च्या मे महिन्यात कंब्रिया, उत्तर वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांवर जो पाऊस पडला त्याबरोबर चेर्नोबिलचे सीझियम उतरले आणि तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर व हालचालीवर निर्बंध आले. इंग्लंड आणि वेल्समधील शेवटचे निर्बंध उठले ते जून २०१२ मध्ये. स्फोटाच्या जागेपासून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या कुरणांवर सरकारने सव्वीस वर्षे देखरेख ठेवली, आणि ते योग्यच केले. मग त्या जागेच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या मुलाचे प्रकरण जुने झाले असे ज्या देशांनी म्हणू नये, त्यांत आपला देश पहिला असायला हवा.

या हवापालटाचा प्रत्यक्ष लाभ किती, यावर मी वाढवून बोलणार नाही. शरीरात गेलेले सीझियम लघवीवाटे बाहेर पडत राहते. प्रौढांत ते निम्मे व्हायला साधारण शंभर दिवस लागतात, मुलांत त्याहून कमी. म्हणून महिनाभर स्वच्छ अन्न मिळाले की त्याचे प्रमाण स्पष्टपणे उतरते, एवढे शास्त्राला धरून आहे. परंतु मूल परत जाऊन तेच अन्न खाऊ लागले की ते पुन्हा चढते, हेही तितकेच खरे. आणि एका महिन्याच्या मुक्कामाने पुढच्या आयुष्यातले आजार किती टळतात याबाबत छातीठोकपणे आकडे सांगणाऱ्यांवर, मग ते आमच्यापैकी का असेनात, मी विश्वास ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी २००५ मध्ये काढलेल्या निष्कर्षात, या दुर्घटनेचा सार्वजनिक आरोग्यावरील सर्वांत व्यापक परिणाम मानसिक असल्याचे म्हटले होते : आपण कायमचे बाधित आहोत, आपल्या हाती काही नाही, ही भावना. उन्हाळ्यातला हा महिना त्या भावनेवर जेवढे काम करतो तेवढे औषधाच्या गोळ्यांनी होताना मी पाहिलेले नाही.

येथे काय घडते ते थोडक्यात सांगते. आठ ते बारा वर्षांची मुले दुभाष्यांसह येतात आणि शक्यतो दोन-दोनच्या जोडीने एका घरात राहतात, म्हणजे रात्री आपल्या भाषेत बोलायला कोणी तरी असते. पहिल्या आठवड्यात दंतवैद्य आणि चष्मेवाल्याकडे फेरी होते; हे लोक बहुधा आपला वेळ विनामूल्य देतात, आणि ज्याला फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे तो मठ्ठ ठरला होता असा एखादा मुलगा दरवेळी सापडतोच. मग समुद्र. बेलारूसला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे बहुतेकांनी तो चित्रातच पाहिलेला असतो. खाण्याच्या बाबतीत मराठी घरांनी घाबरण्याचे कारण नाही : ही मुले तिखटाला हात लावत नाहीत, पण बटाट्याच्या देशातून आलेली असल्यामुळे पिवळ्या भाजीचे पातेले रिकामे करतात, आणि तूपभातही त्यांना चालतो. यजमानांची पोलीस-नोंद तपासली जाते, संस्थेचे लोक घर पाहून जातात, आणि मुक्काम अठ्ठावीस दिवसांच्या आत ठेवण्याची काळजी घेतली जाते, कारण १९८९ च्या बालक कायद्याप्रमाणे त्यापुढे तो खाजगी संगोपनाच्या कक्षेत जातो आणि स्थानिक प्रशासनाची वेगळी जबाबदारी सुरू होते. आम्ही मागितलेली मर्यादा अठ्ठावीस दिवसांखालची आहे ती याचसाठी.

आता शुल्काकडे येते. अल्पकालीन भेटीच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले. त्यात मुलांना सूट नाही, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. वीस मुले आणि दोन दुभाषे असा लहानसा गट धरला तरी त्या दराने सुमारे २,८०० पौंड केवळ अर्जांपोटी जातात. ही रक्कम सरकारी तिजोरीच्या हिशेबात कोठे दिसणारसुद्धा नाही. पण ती चर्चच्या सभागृहात केक विकून आणि पावसात दहा मैल चालून जमवलेली असते, आणि त्या पैशात आणखी काही मुलांचा प्रवासखर्च निघाला असता. त्यातही शुल्कापेक्षा अधिक त्रासदायक ठरते ती अनिश्चितता. प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतंत्र, प्रत्येकाच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र अर्जकेंद्रात जाऊन द्यायचे, आणि गोमेलपासून राजधानी मिन्स्क सुमारे तीनशे किलोमीटर दूर. रोजंदारीवर जगणाऱ्या आईने एक दिवसाची मजुरी बुडवून मुलाला तेथवर न्यायचे, आणि जोडीतल्या एकाचा व्हिसा आला पण दुसऱ्याचा लटकला तर कोणी कोणाला काय समजवायचे?

बेलारूसमधून मुले आणणे सध्या किती कठीण झाले आहे याची मला कल्पना आहे, आणि त्याचा दोष मी आपल्या खात्याच्या माथी मारत नाही. २०२१ च्या मे महिन्यात एक प्रवासी विमान बळजबरीने मिन्स्कला उतरवले गेल्यानंतर बेलारूसच्या विमानकंपनीला ब्रिटनचे आकाश बंद झाले. २०२२ मध्ये त्याच देशाच्या भूमीवरून रशियन सैन्य युक्रेनमध्ये शिरले. पोलंड आणि लिथुआनियाच्या सीमा कधी उघड्या तर कधी बंद असतात. तेथील राजवटीवरचे निर्बंध मला मान्य आहेत. परंतु दहा वर्षांच्या मुलाला त्या राजवटीचा प्रतिनिधी समजण्यात अर्थ नाही, आणि मार्ग पुन्हा मोकळा होईल त्यावेळी नियम तयार असावेत, त्यासाठी आणखी दोन उन्हाळे पत्रव्यवहारात जाऊ नयेत. शिवाय तीच गरज आता युक्रेनमध्येही आहे. खारकिव्हसारख्या शहरांतील ज्या मुलांच्या शाळा भुयारी रेल्वेच्या स्थानकांत भरल्या, त्यांना महिनाभर भोंगा न ऐकता झोपता यावे यासाठी यजमान घरे तयार आहेत. आमची मागणी म्हणून कोणत्याही एका देशाच्या नावाने नाही.

मुले परत गेली नाहीत तर, हा प्रश्न आपल्या खात्यात निघणारच, आणि तो रास्त आहे. २००८ मध्ये अमेरिकेत यजमानांकडे गेलेल्या एका बेलारूसी मुलीने परतण्यास नकार दिला, तेव्हा बेलारूसने मुलांचे असे सगळेच दौरे थांबवले आणि ज्या देशांनी मुलांच्या परतीची हमी दिली त्यांच्याशीच ते पुन्हा सुरू केले. त्या प्रकरणातून सर्वांत मोठा धडा संस्थांनीच घेतला, कारण एका मुलामुळे हजारो मुलांची वाट बंद होते हे त्यांनी अनुभवले. आम्ही येथे बिनशर्त सवलत मागत नाही. संस्थेने मुलांची यादी, पालकांचे नोटरीकृत संमतिपत्र, यजमानांचे पत्ते आणि परतीची तिकिटे आधी द्यावीत, गट परतल्याची नोंद ठरलेल्या मुदतीत कळवावी, आणि ज्या संस्थेच्या कारभारात खोट आढळेल तिची सवलत काढून घ्यावी. पालकांच्या संमतीची काटेकोर पद्धत आपल्या खात्याला अपरिचित नाही. युक्रेनी निर्वासितांसाठीच्या योजनेत २०२२ च्या उन्हाळ्यापासून पालकांविना येणाऱ्या अल्पवयीन मुलांसाठी तीच लावली गेली, आणि त्या योजनेतील व्हिसा विनामूल्यच दिले गेले.

हा पैसा तेथेच का पाठवत नाही, असेही विचारले जाते. पाठवतो, अनेक संस्था रुग्णालयांना आणि अनाथालयांना वर्षानुवर्षे मदत करत आल्या आहेत. पण यजमान कुटुंबाने दिलेला महिना, दंतवैद्याची दुपार, शेजारणीने आणून दिलेली सायकल यांचा धनादेश काढता येत नाही. ज्या क्यूबाकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर स्वतःच्या लोकांना पुरेसे खाऊ घालायची मारामार होती, त्या देशाने १९९० ते २०११ या काळात हवानाजवळच्या तरारा येथे चेर्नोबिलग्रस्त भागातील वीस हजारांहून अधिक मुलांवर उपचार केले. तुलना राजकारणाची नाही, ऐपतीची आहे.

कोल्हापूरकर म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवते, कारण तिचा ब्रिटनशी संबंध आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत बायका-मुलांचाच भरणा होता. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे, अर्धमेल्या अवस्थेत हिंदुस्थानात पोहोचले होते. छावणी चालवण्यात लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा हात होता, प्रकृती खालावलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई, आणि छावणी उठल्यावर त्यांतील कितीतरी कुटुंबे पुढे ब्रिटनमध्येच स्थायिक झाली. त्यांच्या संघटनेचे लोक म्हातारपणी कोल्हापूरला येऊन जुन्या शेजाऱ्यांना भेटत आणि मराठी शब्द आठवून बोलत. वळिवड्याच्या ज्या लोकांनी त्यावेळी दूध, भाजी आणि शेजार दिला, त्यांच्यावर कोणी व्हिसाचा आकार लावला नव्हता.

उन्हाळी दौऱ्याची आखणी जानेवारीत सुरू होते. यजमान फेब्रुवारीत ठरतात, तिकिटे मार्चअखेर काढली नाहीत तर दर दुप्पट होतात, आणि मुलांची शाळा मेअखेर सुटते. शुल्काचे नियम २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याखाली आपल्याच अधिकारात बदलता येतात आणि त्यांची फेररचना बहुतेक वर्षी वसंतात होतच असते. त्या वेळी या मुलांसाठी एका कलमाची भर घालावी, आणि ते शक्य नसल्यास नकाराची कारणे संस्थांना लेखी कळवावीत, म्हणजे आम्हांला आमच्या खासदारांमार्फत संसदेत प्रश्न मांडता येईल. गटवार अर्जाच्या सोयीला तर नियम बदलण्याचीही गरज दिसत नाही. अधिकाऱ्यांना दिलेली एक लेखी सूचना पुरेशी आहे, आणि ती आपण येत्या जानेवारीपूर्वी द्यावी ही विनंती.

आपली विश्वासू,
एक यजमान स्वयंसेविका
(मूळ गाव कोल्हापूर, सध्या इंग्लंड)