तलावशाळेसाठी ट्रे, भिंगं आणि एखादी शनिवार सकाळ द्या

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर एका पांढऱ्या ट्रेभोवती वस्तीतली नऊ मुलं उकिडवी बसली होती. ट्रेमध्ये वाटीभर गाळ, थोडं पाणी आणि मातकट रंगाचा एक किडा, म्हणजे चतुराची अळी. बराच वेळ ती हललीच नाही. मग शेजारून डासाची अळी वळवळत गेली आणि हिचा घडी घातलेला खालचा ओठ हातासारखा पुढे झेपावला. भक्ष्य धरून पुन्हा तोंडाखाली घडी. "सर, हे काय करून राहिलं बाप्पा!" म्हणत एक पोट्टा असा मागे सरकला की पाय ट्रेवरच पडला. ट्रे तडकला. आमच्याकडे तो एकच होता.

आमचं मंडळ तसं गणपतीचं. वर्गणीतून उरलेल्या पैशांवर दोन वर्षांपासून आम्ही ही तलावशाळा चालवतो. पावसाळा ओसरला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी, एक शनिवार सोडून एक, पाचवी ते आठवीची मुलं सकाळी सातला तलावावर येतात. फळा नसतो, भाषण तर नसतंच. लांब बांबूची जाळी काठावरूनच पाण्यात फिरवायची, जे निघेल ते ट्रेमध्ये बघायचं, वहीत चित्र काढायचं आणि जीव परत पाण्यात सोडायचा. टिबुकली हा छोटा पाणपक्षी; ती कुठे बुडी मारते आणि कुठे वर येते, यावर पैजा लागतात.

हीच मुलं नाग नदीला नाला म्हणतात. त्यांना काय बोलायचं, आपणही तेच म्हणतो. जिच्यावरून शहराला नाव पडलं ती लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात येते आणि पुढे कन्हानला मिळते, हे आमच्यातल्या कित्येकांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून पाणी घरात शिरलं तेव्हा कुठे नीट कळलं.

म्हणून आम्ही दोन बाटल्यांचा प्रयोग करतो. एकीत तलावाचं पाणी, दुसरीत शहराच्या मध्यातलं नाग नदीचं. नदीचं पाणी मोठी माणसंच काढतात, हातमोजे घालून, दोरीला बादली बांधून. दोन्हींत रसायनाचे थेंब पडतात, तेही मोठ्यांच्या हातून. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. आमची नदीची बाटली पांढरीच राहिली. मग तिथल्या गाळातल्या लालभडक अळ्या दाखवल्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन जेमतेम असला तरी त्या तगतात. त्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे नदी मेली नाही, फक्त ह्याच उरल्या." एवढं सांगायला आम्हाला तासभर लागला असता.

आता मागणी. यंदा चोवीस मुलांनी नावं दिली आहेत आणि आमच्याकडे दोन भिंगं आहेत. (तिसरं तलावात आहे.) पांढरे, पसरट, जाड प्लास्टिकचे सहा ट्रे, बारा भिंगं आणि बारीक जाळीचं कापड हवं आहे. कोणाकडे जुना, चालू सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला असेल तर तो सोन्याहून मोलाचा. ऑक्सिजन तपासायची रसायनं दरवर्षी नवी घ्यावी लागतात, खरा खर्च तोच आहे. शिवाय मुलांचा ऑटो आणि पोहे.

पैशांइतकीच माणसंही हवीत. काठावर चार मुलांमागे एक मोठा माणूस असल्याशिवाय आम्ही जाळी हातात देत नाही, त्यामुळे गेल्या वर्षी दोन शनिवार रद्द करावे लागले. निवृत्त जीवशास्त्र शिक्षक असाल तर याच, पण काही येत नसलं तरी चालेल. नुसतं लक्ष ठेवणारं माणूसही पुरतं. आणि तलावावर जाळं टाकणारे ढिवर समाजातले जुने जाणते कोणी ओळखीचे असतील तर त्यांना आमचा निरोप द्या. मरळ पिल्लांची राखण कशी करते हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. त्यांना फुकट बोलावणार नाही, मानधन देऊ.

रोख असो की वस्तू, पावती मिळेल, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पैशापैशाचा हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल. मदत मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आणून द्या. रविवारी नको, त्या दिवशी कुलूप असतं.